गडचिरोलीच्या शाळांसाठी गोंडी पाठ आणि यंत्रानुवाद: शांततेच्या कामाला याचा खरोखर उपयोग आहे का?

शिक्षणवेध (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नागपूरच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते. गडचिरोली जिल्ह्यातील आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांसाठी ‘शांतता-शिक्षण’ या विषयाचा एक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम तयार करण्याचे काम आमच्या गटाकडे आले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तेव्हापासून, बंदुका शांत झाल्यानंतर गावे, शाळा आणि शासन यांच्यातले तुटलेले संबंध पुन्हा कसे जुळवायचे, हा प्रश्न अनेक बैठकांमध्ये विचारला जात आहे आणि आमचे काम त्याचाच एक लहान भाग आहे.

आमच्या आराखड्यात दोन कल्पना एकत्र आल्या आहेत. पहिली निर्वसाहतिक शिक्षणाची. शाळेत काय शिकवायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे आणि कोणाचे ज्ञान ‘ज्ञान’ मानायचे, हे ठरवण्याची जी घडण इंग्रजी राजवटीत तयार झाली ती तपासून बदलावी, असा तिचा साधारण अर्थ आम्ही घेतला आहे. दुसरी कृत्रिम बुद्धिमत्तेची. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे साधन प्राथमिक स्वरूपात खुले केले असून त्यात संथाली, भिली आणि मुंडारी यांच्याबरोबर गोंडीचाही समावेश आहे. गटातील काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, सलोखा, संवाद आणि नागरी हक्क यांवरचे मराठी पाठ अशा साधनाने गोंडीत आणावेत, त्यांना यंत्राचा आवाज द्यावा आणि ते शिक्षकांच्या मोबाइलवर पोहोचवावेत, म्हणजे निर्वसाहतीकरणही साधेल आणि शांततेचे कामही होईल.

मला यात काहीतरी खटकते आहे, पण ते नेमके मांडता येत नाही. आशय आपणच ठरवणार, उदाहरणे आपली, शेवटी विचारायचे प्रश्नही आपलेच, आणि फक्त भाषा गोंडी. तर मग बदलले काय? दुसरीकडे, पहिलीतल्या मुलाला न कळणाऱ्या भाषेत वर्षभर बसवून ठेवण्यापेक्षा कामचलाऊ गोंडीसुद्धा बरी, हा युक्तिवाद मला सहज टाकून देता येत नाही. भाषातंत्रज्ञानाची माहिती असलेल्यांनी आणि त्या भागात काम केलेल्यांनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

विदाविचार

मी भाषातंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आधी यंत्राविषयी बोलतो.

यंत्रानुवाद चालतो तो आधी माणसांनी केलेल्या अनुवादांच्या जोरावर. मराठी-इंग्रजीच्या लाखो वाक्यांच्या जोड्या मिळतात. गोंडीची स्थिती पाहण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि सीजीनेट स्वर (आदिवासी भागातले फोनवरून चालणारे लोकमाध्यम) यांनी मिळून गोंडीसाठी जे काम केले, त्याचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो की, समाजातल्या लोकांकडून सुमारे १२,००० शब्द आणि वाक्यांचे अनुवाद गोळा झाले आणि पुढे मदत करू शकतील अशा साडेसहाशेहून अधिक व्यक्तींची ओळख पटली. माझ्या मते यातला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. बारा हजार शब्द-वाक्यांवर यंत्र फारसे शहाणे होत नाही. साडेसहाशे माणसे मात्र यंत्राचे चुकलेले वाक्य सुधारू शकतात, आणि मुळात कोणते वाक्य अनुवादायला घ्यावे हेही सांगू शकतात.

आता तुमच्या आराखड्यातली प्रत्यक्ष अडचण. आदि वाणीतली गोंडी ही छत्तीसगडची गोंडी म्हणून नोंदवलेली आहे आणि साधनाची जोडणी हिंदी व इंग्रजीशी आहे. म्हणजे तुमचा मराठी पाठ आधी हिंदीत जाणार, मग बस्तरकडच्या गोंडीत उतरणार आणि भामरागडच्या माडिया (गोंडीच्या जवळची बोली) बोलणाऱ्या मुलासमोर येणार. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सांडणार, आणि सगळ्यात आधी सांडतील ते ‘हक्क’, ‘तडजोड’, ‘साक्ष’, ‘तक्रार’ यांसारखे शब्द, ज्यांच्यासाठी तुम्ही हा खटाटोप करत आहात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या तीस लाखांच्या जवळपास नोंदली गेली असली, तरी हे लोक मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र आणि ओडिशा अशा राज्यांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी राज्यभाषेचा वेगळा रंग गोंडीवर चढला आहे. भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे शासकीय कागदपत्रांचा जो अनुवादित साठा इतर भाषांना आपोआप मिळतो, तोही तिला नाही.

तरीही यंत्र निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ते उलट्या दिशेने वापरून पाहावे. सीजीनेट स्वरची मूळ कल्पना आठवा. शुभ्रांशु चौधरी या माजी बीबीसी पत्रकाराने २०१० मध्ये ती सुरू केली तेव्हा तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हतीच. गावातल्या माणसाने साध्या फोनवरून एका क्रमांकाशी संपर्क साधायचा, आपल्या भाषेत आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करायचे, संपादकांनी ते तपासायचे आणि मग ते कोणालाही फोनवर ऐकता यायचे. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, गुरुजी येत नाहीत, अशा तक्रारी त्यातून अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या आणि त्यांतल्या काही सुटल्याही. बस्तरच्या संघर्षाचे चौधरी यांनी सातत्याने केलेले निदान असे की, माओवाद्यांनी गोंडी शिकून घेतली आणि शासनाने शिकली नाही. हे संपूर्ण कारण नव्हे. जमीन, जंगल आणि खाणी यांचे प्रश्न केवळ भाषेने निर्माण झालेले नाहीत. पण पुष्कळ काळ एकाच बाजूचे म्हणणे गावाच्या भाषेत पोहोचत राहिले, हे नाकारता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. मराठीचे गोंडी करण्यासाठी यंत्र वापरू नका, किंवा वापरलेत तर गोंडी जाणणाऱ्या माणसाने प्रत्येक ओळ तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नका. त्याऐवजी म्हाताऱ्या माणसांनी गोंडीत किंवा माडियात सांगितलेले ध्वनिमुद्रित करा, ते लिहून काढण्याच्या कामी यंत्राची मदत घ्या आणि त्याचा मराठी मसुदा शिक्षकाला द्या. कारण तुमच्या वर्गात भाषा न समजणारा पहिला माणूस बहुधा शिक्षकच असतो.

सत्यशोधकी

‘निर्वसाहतिक’ हा शब्द महाराष्ट्रात वापरताना थोडे जपून, कारण आपल्याकडे वसाहतकालीन शिक्षणाचा इतिहास एकरंगी नाही. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाला सारा दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्याच काळात निघालेल्या शाळांनी येथल्या शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना पहिल्यांदा अक्षर दिले, हे विसरून चालत नाही. इंग्रज येण्यापूर्वीची विद्या सर्वांसाठी खुली होती आणि ती परत आणणे म्हणजे निर्वसाहतीकरण, असे कोणी सुचवत असेल, तर त्याला मी मनापासून विरोध करीन. अलीकडे तसे सुचवणारे बरेच आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

या बाबतीत आपल्याजवळ चांगला आधार आहे तो जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा. त्यांनी इंग्रजी शिक्षण नाकारले नाही. त्यांचा आक्षेप होता तो शेतकऱ्याच्या श्रमातून येणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होण्याला. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे नियम शिकवावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पैसा कोणाचा, शिक्षक कोण आणि अभ्यासक्रमात कोणाचे जगणे, हे तीन प्रश्न तुमच्या आराखड्याला लावून पाहावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनालाही ते जसेच्या तसे लागू होतात: विदा (डेटा) कोणाची, ती तपासणारा कोण आणि तिच्यातून जे तयार होते ते कोणाच्या ताब्यात.

दुसरे असे की, गडचिरोलीत वसाहतीचा प्रश्न १९४७ ला संपला नाही. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले, १९२७ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली आणि तो कायदा आजही लागू आहे. संसदेनेच २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. आश्रमशाळेतील मुलाच्या आजोबांना वनरक्षकाच्या दंडाची जी भीती होती, ती पाठ्यपुस्तकात कुठे आहे? त्या मुलाने इतिहासात १८५७ शिकायचे आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाके यांचे नाव एखाद्या ओळीत वाचायचे, की त्यांचा उठाव ज्या भागात झाला तिथे उभे राहून तो शिकायचा? बस्तरमध्ये १९१० साली झालेल्या भूमकाल या आदिवासी उठावाबद्दल, त्याचा नेता गुंडाधूरबद्दल, सीमेच्या अलीकडच्या शाळांत किती बोलले जाते?

शांतता-शिक्षणाबद्दल माझी खरी शंका इथेच आहे. मुलांना ‘भांडू नका, संवाद करा’ असे शिकवणारे पाठ गोंडीत तयार झाले, तर ते ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सबुरीचा उपदेश करतील, आणि आता तोही त्याच्याच भाषेत. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गावाने स्वतः बांबूची विक्री केली. हा प्रसंग शांततेच्या पाठात घ्या. बंदूक न उचलता, कायदा वाचून, ग्रामसभा सर्वसहमतीने चालवून आणि शासनाशी वाद घालून काय मिळवता येते, ते धानोरा तालुक्यातल्या मुलाला वीस-पंचवीस किलोमीटरवर पाहता येते. यासाठी यंत्र लागत नाही.

टिपागड

मी या जिल्ह्यातच राहतो आणि ग्रामसभांसोबत काम करतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांतले बरेचसे पटले, पण शाळेच्या आणि विदेच्या बाबतीत गावात प्रत्यक्ष काय घडते ते सांगणे आवश्यक वाटते.

धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ नावाची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली (गोटूल म्हणजे तरुणांनी एकत्र येऊन शिकण्याची गोंडांची पारंपरिक जागा). मुले गोंडीत शिकतात, गोंडी लिपी शिकतात आणि त्याबरोबर मराठी-इंग्रजीही शिकतात. शासनाकडून मात्र तिला मान्यतेऐवजी २०२२ मध्ये नोटीस आली, कारण शिक्षणहक्क कायद्याच्या दृष्टीने विनामान्यता शाळा बेकायदेशीर ठरते. प्रकरण पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. एका बाजूने शासन गोंडीसाठी यंत्र तयार करते आणि दुसऱ्या बाजूने ग्रामसभेने पेसा कायद्याचा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) आधार घेऊन काढलेली गोंडी शाळा अनधिकृत ठरते, हे गावकऱ्यांना कसे दिसत असेल याची कल्पना शिक्षणवेध ताईंनी करावी. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हणते. तुमच्या अभ्यासक्रमात निर्वसाहतिक शिक्षणाचे एकच उदाहरण घ्यायचे असेल, तर परदेशी विद्यापीठांतल्या चर्चांपूर्वी मोहगाव घ्यावे. शक्य झाल्यास तेथल्या शिक्षकांनाच मार्गदर्शक म्हणून बोलवावे आणि त्यांचे मानधन नागपूरच्या प्राध्यापकांइतकेच ठेवावे.

आता ध्वनिमुद्रणाबद्दल. विदाविचार यांनी म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मुद्रित करायला सांगितले आहे. सूचना चांगली आहे, पण संघर्षक्षेत्रात ती धोकादायकही आहे. या भागात मोबाइलवर कोण कोणाशी बोलले, यावरून माणसे मारली गेली आहेत. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी गावकऱ्यांना ठार केले आणि माओवाद्यांना भात दिल्याच्या आरोपावरून गावकरी तुरुंगात गेले. एखाद्या आजीने गोटूलबद्दल सांगता सांगता १९९० च्या दशकातल्या एखाद्या रात्रीबद्दल सांगितले, कोण आले, कोणाच्या घरी जेवले, तर ती फीत उद्या कोणाच्या हाती पडेल हे तुम्ही खात्रीने सांगू शकता का? गोंडी बोलणे आपोआप लिहून काढणारे यंत्र शिक्षकाला जितके उपयोगी आहे, तितकेच ते फोनवरचे संभाषण चाळणाऱ्यालाही उपयोगी आहे. आतापर्यंत भाषा इतरांना न कळणे हेच लोकांचे एक संरक्षण होते, ही बाजू शहरातल्या बैठकांत कोणी मांडत नाही.

भाषा आणि रीत न कळल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून सीमेपलीकडचे, छत्तीसगडमधले सारकेगुडा लक्षात ठेवावे. जून २०१२ मध्ये तेथे रात्री जमलेल्या लोकांवर सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि सतरा जण मारले गेले. लोक बीज पंडुमची, म्हणजे पेरणीआधीच्या बियाण्याच्या सणाची, तयारी ठरवायला जमलो होतो असे सांगत होते. दलांच्या म्हणण्यानुसार ती माओवाद्यांची सभा होती. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये विधानसभेत आला आणि मृत व्यक्ती माओवादी असल्याचा पुरावा नसल्याचे त्यात म्हटले होते. सात वर्षे लागली. माझ्या दृष्टीने निर्वसाहतिक शिक्षणाची सर्वाधिक गरज आश्रमशाळेतल्या मुलाला नसून त्या रात्री तेथे उभ्या असलेल्या जवानाला, तलाठ्याला, वनरक्षकाला आणि न्यायालयातल्या लिपिकाला आहे. त्यांना पंडुम म्हणजे काय, गायता कोण, भुमिया कोण, गावाची बैठक रात्री का भरते, हे शिकवणारा अभ्यासक्रम कोणी करत असेल तर मी स्वतः त्यात विनामूल्य शिकवायला तयार आहे. आणि यंत्रानुवाद हवाच असेल तर तो प्रथम तहसील कार्यालयाच्या आणि न्यायालयाच्या दारात हवा, जिथे आमचा माणूस न कळलेल्या कागदावर अंगठा उठवतो.

कोरचीकर

थोडक्यात एक पालक म्हणून लिहितो. माझे शिक्षण आश्रमशाळेत झाले आणि मुलगी आता तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात आहे. गोंडीतून शिकण्याच्या चर्चा बहुतेक वेळा ज्यांची मुले गोंडीतून शिकणार नाहीत असे लोक करतात, आणि त्याचा राग येतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे आपल्या बोलीत गेली असती तर मी पाचवीपर्यंत मुका राहिलो नसतो, हे खरे आहे. पण पुढे मराठी आणि इंग्रजी चांगले आले नाही तर त्याच मुलाला नोकरीच्या परीक्षेत कोणी गोंडीत प्रश्न विचारणार नाही. तुमच्या अभ्यासक्रमात गोंडीतून मराठीकडे आणि इंग्रजीकडे जाण्याची वाट स्पष्ट नसेल, तर पालक त्याला ‘आम्हाला मागेच ठेवण्याची योजना’ म्हणतील. हेमलकशाच्या लोकबिरादरी शाळेत लहान मुलांसाठी माडियाचा आधार घेऊन मराठीकडे नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते जाऊन पाहावेत. यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो: एकच गोष्ट तीन भाषांत शेजारी शेजारी, मुलाला हवी ती ओळ हव्या त्या भाषेत ऐकता यावी. प्रथम बुक्सच्या मदतीने मुलांच्या गोष्टी गोंडीत आलेल्या आहेत, तेव्हा सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

शिक्षणवेध

सर्वांचे आभार. मला जे खटकत होते ते आता बरेच स्पष्ट झाले. आमचा आराखडा गावाला शिकवण्यासाठी होता आणि त्यात शासकीय यंत्रणेने गावाकडून शिकण्याची जागाच नव्हती. टिपागड यांनी म्हटल्याप्रमाणे वनरक्षक आणि तलाठी यांच्यासाठी एक भाग जोडता येईल का, हे मी प्रशिक्षण संस्थेशी बोलून पाहणार आहे, आणि मराठी पाठ यंत्राने गोंडीत आणण्याचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवण्याविषयी गटात मांडणार आहे.

दोन व्यावहारिक प्रश्न उरतात. ध्वनिमुद्रण करायचेच झाले तर विदेवर हक्क कोणाचा ठेवावा आणि संमती कशी घ्यावी? महाविद्यालयाच्या नियमांप्रमाणे व्यक्तीची सही असलेला कागद पुरेसा मानला जातो. आणि बोलींच्या फरकाचे काय करावे? प्रमाण गोंडी ठरल्याशिवाय साहित्य तयार करू नये, असे काहींचे मत आहे.

विदाविचार

पहिल्या प्रश्नासाठी न्यूझीलंडच्या ते हिकु मीडियाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. हे माओरी भाषेचे आकाशवाणी केंद्र. २०१८ मध्ये त्यांनी लोकांना माओरी वाक्ये वाचून मुद्रित करण्याचे आवाहन केले आणि दहा दिवसांत तीनशेहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण जमा झाले. त्यावर त्यांनी माओरी बोलणे ओळखणारी स्वतःची प्रणाली उभारली. मोठ्या कंपन्यांना ही विदा हवी होती, पण त्यांनी ती दिली नाही. त्यांनी स्वतःचा परवाना तयार केला. त्यात विदेची मालकी असण्यापेक्षा तिची राखण करण्याची माओरी कल्पना केंद्रस्थानी आहे आणि तिचा उपयोग माओरी लोकांच्या हिताचाच व्हावा अशी अट आहे. लोकांनी एवढ्या झपाट्याने आवाज दिला, याचे कारण मागणारे आपले होते, हे लक्षात घ्यावे. कोणत्याही विद्यापीठाला दहा दिवसांत इतका विश्वास मिळाला नसता.

तुमच्याकडे याला समांतर संस्था आहे ती ग्रामसभा. व्यक्तीची सही घ्याच, पण त्याबरोबर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: मूळ ध्वनिफिती कोठे राहतील, त्यांची प्रत कोणाला देता येईल, कोणत्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरता येतील आणि गावाने मागितल्यास त्या कशा पुसल्या जातील. शेवटच्या बाबतीत प्रामाणिक राहा. एकदा विदा यंत्राच्या प्रशिक्षणात गेली की फीत पुसता येते, पण यंत्र जे शिकले ते सहज काढून घेता येत नाही, आणि हे लोकांना आधी सांगितले पाहिजे. टिपागड यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावर तांत्रिक उपाय अर्धाच आहे. नावे आणि गावे काढून टाकता येतात, पण आवाजावरून माणूस ओळखू येतो. म्हणून विषय आधीच मर्यादित ठेवा: बियाणे, पाऊस, झाडे, सण, गणित, कोडी. संघर्षाच्या आठवणी यंत्राजवळ नेऊच नयेत. त्यांचे काम माणसांनी माणसांसमोर बसून करायचे आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवतो, नाहीतर सगळ्याच तंत्रज्ञानापासून दूर राहा असा अर्थ निघेल. म्यानमारमध्ये फेसबुकवरून रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरत असताना बर्मी भाषा वाचू शकणारे तपासनीस कंपनीकडे अपुरे होते, आणि २०१८ मध्ये कंपनीने आपण पुरेसे केले नाही हे मान्यही केले. उद्या गोंडीत आणि बस्तरकडच्या हलबी भाषेत अफवा पसरल्या, तर त्या कळणारे कोणी असायला हवे. आदिवासी-ख्रिस्ती वादात बस्तरची गावे पेटलेली आपण पाहिली आहेत. ते काम करणारी माणसे तुमच्या शिक्षकांतूनच तयार होऊ शकतात.

टिपागड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रमाण भाषेची वाट पाहत बसू नका. २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांच्या कार्यशाळा झाल्या आणि त्यातून सुमारे तीन हजार शब्दांचा कोश तयार झाला, तो अवश्य जवळ ठेवा. पण सहावी-सातवीचे मूल कोणता शब्द आपला म्हणते, हे त्याच्या गावावर अवलंबून आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया घ्या, धानोरा-कुरखेड्याकडे तिथली गोंडी घ्या आणि एकाच गोष्टीसाठी दोन शब्द आले तर दोन्ही छापा. मुलांना दोन शब्दांचा त्रास होत नाही, तो छपाई करणाऱ्याला होतो. लिपीचेही तसेच आहे. १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केलेली लिपी आणि आदिलाबादच्या गुंजाला गावातल्या हस्तलिखितांमधली लिपी, या दोन्ही युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात) आल्या आहेत. गावाची इच्छा असेल तर त्यांपैकी एक शिकवा, पण पहिलीतले वाचन देवनागरीत सुरू केल्याने कोणाची अस्मिता दुखावत नाही, असा माझा अनुभव आहे. कोणाचा वेगळा असेल तर त्यांनी लिहावे.

ठराव घेण्यासाठी ग्रामसभेत स्वतः या. पत्र पाठवू नका, आणि पोलीस मदत केंद्रामार्फत तर निरोप मुळीच देऊ नका. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’तून लोकांची दाखल्यांची बरीच कामे होतात, ते मी नाकारत नाही, पण शाळेचे काम त्या दारातून आले की ते कोणाचे आहे याबद्दल गावात एकच समज होतो. पहिल्या बैठकीत ठराव मागू नका, फक्त काय करायचे आहे ते सांगा आणि यंत्र सोबत आणून दाखवा. त्याने चुकीचे गोंडी बोलले तर लोक हसतील आणि दुरुस्त करून सांगतील, ते टिपून घ्या. मार्चअखेर मोहफूल सुरू होते आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, त्या काळात घरी कोणी सापडत नाही, म्हणून तारीख एक तर फेब्रुवारीत ठेवा किंवा रोवणी (भातलावणी) आटोपल्यावर ऑगस्टच्या शेवटी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेवढे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या.